एएनएम मुलींना चुकीची वाट दाखवू नका

‘एएनएम करून काय मिळणार? शेवटी कुणाच्या तरी आजोबांना आंघोळ घालायची आणि डायपर बदलायचे. त्यापेक्षा जीएनएम कर, नाहीतर सरळ केअरटेकरचा सहा महिन्यांचा कोर्स करून कामाला लाग.’ एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचा अभ्यासक्रम, जीएनएम म्हणजे त्याहून मोठा, तीन वर्षांचा नर्सिंगचा. बारावी झालेल्या मुलींना हा सल्ला खोपोलीच्या शिळफाट्यापासून कर्जत, नेरळ, कशेळ्यापर्यंत सगळीकडे मिळतो. देणारी माणसं वाईट नसतात. कुणी शाळेतले सर असतात, कुणी करिअर मार्गदर्शन मेळाव्यात बोलायला आलेले पाहुणे, कुणी छोट्या रुग्णालयाचे मालक डॉक्टर. पोरीचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत असतं. पण सल्ला चुकीचा आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या मुलींचं तो नुकसान करतो, आणि ज्या वाड्यांना या मुलींची गरज आहे त्यांचं त्याहून जास्त करतो.

मी आरोग्य सेविका म्हणून याच भागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही आणि तसं दाखवणारही नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा हे हलकं काम नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून अन्न भरवताना ते श्वासनलिकेत जाणार नाही हे बघणं, याला कौशल्य लागतं. नेरळच्या बाजूला ज्येष्ठांसाठी वसाहती झाल्या आहेत, मुंबई-पुण्याचे निवृत्त लोक कर्जतच्या फार्महाऊसवर राहायला येतात, त्यांना प्रशिक्षित हात हवेच आहेत. ज्या एएनएमला ते काम आवडतं तिनं ते मानानं करावं. माझा आक्षेप एवढाच की ‘याशिवाय तुला दुसरं काही नाही’ असं मुलीला सांगणं खरं नाही.

या सल्ल्याच्या मुळाशी आधी एक समज आहे, की एएनएम म्हणजे अर्धी नर्स. तो कुठून आला याचं कारण इतिहासात सापडतं. देशातला पहिला एएनएम अभ्यासक्रम 1951 मध्ये पंजाबातल्या तरनतारन इथे सुरू झाला, तेव्हा तो दोन वर्षांचा होता. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीनं बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची कल्पना मांडली, आणि पुढे त्याच दशकात अभ्यासक्रम दीड वर्षावर आणला गेला. कुटुंबकल्याण आणि लसीकरण यांच्यावर भर वाढला, रुग्णालयातलं शिक्षण मागे पडलं. आज सल्ला देणाऱ्या पिढीनं पाहिलेल्या एएनएम त्या दीड वर्षाच्या काळातल्या. पण ते दिवस मागे पडले. आता बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात सहा महिन्यांची आंतरवासिता आहे. परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते, तिचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं. सहा महिन्यांच्या केअरटेकर कोर्सला यातलं काहीही नाही. दोन्ही एकाच तागडीत टाकणाऱ्यानं एकदा दोन्हींचे अभ्यासक्रम समोर ठेवून वाचावेत.

आणि या ‘अर्ध्या’ नर्सच्या हातात सरकारनं काय दिलं आहे ते बघा. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाणं थांबत नसेल तर बाई तासा-दोन तासांत जाऊ शकते. प्रशिक्षित एएनएमनं बाळ बाहेर आल्यावर ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन द्यायचं, ते नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्यायच्या, असं केंद्र सरकारची कुशल प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. रक्तदाब वाढून गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही बाजूंच्या कुल्ल्यात 5-5 ग्रॅम, एएनएमनं तिथेच टोचायचा आणि मग पेशंट पुढे पाठवायचा. डॉक्टर येईपर्यंत वाट बघायची नाही. तांबी बसवणं हेही तिचंच काम. खांडसच्या बाजूला, भीमाशंकरच्या डोंगराखाली, पावसाळ्यात रस्ता तुटलेला असताना हे इंजेक्शन कोण देतं? रात्री दीड वाजता वार अडकलेल्या बाईजवळ कोण बसलेलं असतं? महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू 2004-06 मध्ये 130 होते, 2018-20 मध्ये ते 33 वर आले. त्यात रस्ते, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या, स्त्रीरोगतज्ज्ञ सगळ्यांचा वाटा आहे. पण गरोदर बाईचं नाव पहिल्यांदा लिहून घेणारी, तिचं एचबी तपासणारी, पायाला सूज बघून तिला जोखमीची माता म्हणून वेगळं काढणारी आणि नवऱ्याशी भांडून तिला दवाखान्यात नेणारी एएनएमच होती. जिला जीव वाचवणारी औषधं डॉक्टरशिवाय द्यायची मुभा आहे, तिच्या शिक्षणाचा उपयोग फक्त डायपर बदलण्यापुरता आहे असं कोणत्या तोंडानं म्हणता?

कातकरी वस्तीत काम केलेल्या कुणालाही विचारा, ही नोकरी म्हणजे काय असतं. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघून जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. मधल्या काळात बाळ दीड महिन्याचं होतं, अडीच महिन्यांचं, साडेतीन महिन्यांचं होतं, पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस याच काळात यायचे असतात. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची लस. आई भट्टीवर असते, कार्ड घरी कुडाला खोचलेलं असतं. मग आशाताईला बरोबर घेऊन, खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर लावून, भट्टीमालकाची मिनतवारी करून बाळ शोधायचं. आईस पॅक वितळायच्या आत लस द्यायची. बाळाचं वजन घटलेलं दिसलं तर त्याला ग्राम बालविकास केंद्रात किंवा पुढे रुग्णालयात न्यायचं, म्हणजे आईची मजुरी बुडते, म्हणजे मुकादमाशी बोलायचं. हे काम केअरटेकरला येणार नाही. अतिदक्षता विभागात वर्षं काढलेल्या बीएस्सी नर्सलाही पहिल्या दिवशी येणार नाही. कोविडच्या वेळी 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं आणि 21 ऑक्टोबरला देशानं 100 कोटी डोसांचा टप्पा गाठला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या सुया बहुतेक कुणाच्या हातांनी टोचल्या हे इतक्या लवकर विसरलात?

‘ते सगळं ठीक, पण सरकारी जागा निघतात कुठे?’ हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही.

देशात नोंदणी झालेल्या एएनएम दहा लाखांच्या आसपास आहेत आणि आरोग्य उपकेंद्रं दीड लाखाहून थोडी जास्त. प्रत्येक ठिकाणी दोघी धरल्या तरी साडेतीन लाखांच्या पुढे आकडा जात नाही. हे गणित मांडून लोक म्हणतात, बघा, साडेसहा लाख मुली बेकार. पण नोंदणीचा तो आकडा गेल्या कित्येक दशकांचा साठलेला आहे. त्यात निवृत्त झालेल्या आहेत, वारलेल्या आहेत, लग्नानंतर काम सोडलेल्या आहेत, पुढे शिकून जीएनएम झालेल्या आहेत. आज प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिकांची वेगळी नोंद ठेवायचं काम अलीकडेच नीट सुरू झालं आहे. साठलेल्या आकड्याची आजच्या जागांशी वजाबाकी करून मुलींना घाबरवणं बरोबर नाही.

जागांचं म्हणाल तर निकष कागदावर आहेतच. सपाट भागात 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 3,000 ला एक. कर्जत आणि खालापूरमधल्या ठाकूर आणि कातकरी वाड्या बघता इथे दुसरा निकष कितीतरी गावांना लागू व्हायला हवा. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि उपकेंद्रावर दुसरी, कंत्राटी एएनएम द्यायचं ठरलं. म्हणजे गरज दोघींची आहे हे सरकारनंच मान्य केलं. जिल्हा परिषदांच्या 2023 च्या भरतीत राज्यभरात 19,460 पदांची जाहिरात निघाली, तिच्यात आरोग्य परिचारिका हे पद होतं, 25,500 ते 81,100 अशा वेतनश्रेणीचं. तेच काम कंत्राटावर करणाऱ्या मुलीसाठी अभियानाच्या जाहिरातीत 18,000 रुपये मानधन लिहिलेलं असतं. दोघींची वाडी एक, रजिस्टर एक, बाळंतपणं एक.

इथे माझा राग सल्ला देणाऱ्यांवर कमी आणि व्यवस्थेवर जास्त आहे. एक पद रिकामं ठेवायचं, शेजारच्या उपकेंद्राच्या सेविकेकडे त्याचा अतिरिक्त कार्यभार द्यायचा, आणि ती दोन्हीकडचं कसंबसं रेटते म्हणून पद भरायची घाई करायची नाही. असा दुहेरी कार्यभार मी सांभाळला आहे. त्यात एका वाडीचा लसीकरणाचा दिवस हमखास बुडतो. अभियानातले कंत्राटी कर्मचारी ऑक्टोबर-नोव्हेंबर 2023 मध्ये संपावर गेले, त्यानंतर मार्च 2024 मध्ये 10 वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा आंदोलन करावं लागलं. हे सगळं मुलींना सांगा. भरती उशिरा होते, परीक्षा चुरशीची असते, कंत्राटात अनेक वर्षं जातात, सगळं सांगा. पण काम नाही असं सांगू नका. काम पडून आहे आणि माणूस नेमलेला नाही, ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर उपाय भरतीसाठी भांडणं हा आहे, मुलीचं शिक्षण बंद करणं हा नाही.

शिवाय उपकेंद्र म्हणजे काही सगळं नाही. शिळफाटा ज्या खोपोली शहरात आहे त्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 71,000 च्या घरात होती. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष आहे 10,000 लोकसंख्येमागे एक एएनएम. म्हणजे एकट्या खोपोलीत, तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर, सात एएनएमचं काम आहे, आणि आज शहर किती वाढलं आहे ते कुणीही डोळ्यांनी बघू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात अंगणवाड्या आणि शाळा तपासणाऱ्या प्रत्येक फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक एएनएम किंवा परिचारिका असते. कर्जतच्या आश्रमशाळांमधली मुलं आई-बापापासून दूर राहतात. त्यांना खरूज झाली, ताप आला, रात्री उलट्या सुरू झाल्या तर बघायला प्रशिक्षित बाई कायम हवी. माझ्या मते प्रत्येक निवासी आश्रमशाळेत एएनएमचं पूर्णवेळ पद असलंच पाहिजे, त्यासाठी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आग्रह धरला पाहिजे. कातकरी या आदिम जमातीसाठी 2023 मध्ये पीएम-जनमन योजना आली, तिच्यातही फिरती आरोग्य पथकं आहेत.

मग कारखाने. खोपोलीत 1915 मध्ये टाटांचं वीज केंद्र सुरू झालं, तेव्हापासून हा भाग कामगारांचा आहे. आज सावरोली, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात पोलाद आहे, रसायनं आहेत, औषधं आहेत. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे 500 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात प्रथमोपचाराची वेगळी खोली आणि तिथे वैद्यकीय व परिचर्या कर्मचारी असणं बंधनकारक होतं. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना नियमांनी व्यावसायिक आरोग्य केंद्राची जबाबदारी घातली. आता जुन्या कायद्याची जागा श्रमसंहितेनं घेतली आहे, पण ॲसिड अंगावर उडालं की कामगार तसाच भाजतो. रात्रपाळीला त्या खोलीत कोण बसतं, तिची नोंदणी आहे का, हे एकदा जाऊन बघा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं पाणी धरायचं हे जिला माहीत आहे आणि जिला माहीत नाही, त्यांच्यातला फरक त्या माणसाच्या कातडीवर जन्मभर राहतो. आठ तासांची पाळी, ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, कंपनीची बस. या जागांबद्दल करिअर मेळाव्यात कुणी अवाक्षर काढत नाही.

आता खासगी रुग्णालयांकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

‘खासगीवाले एएनएम घेत नाहीत’ असं जे म्हणतात त्यांना मी विचारते, मग घेतात कुणाला? कामोठ्याच्या किंवा नवी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांचं मी बोलत नाही. तिथे अतिदक्षता विभागात, हृदयशस्त्रक्रियेत जीएनएम आणि बीएस्सी नर्सच हव्यात, ते मला मान्य आहे. एएनएमच्या अभ्यासक्रमात व्हेंटिलेटर शिकवत नाहीत आणि जे शिकवलं नाही ते करायला लावणं रुग्णाच्या जिवाशी खेळणं आहे. मी बोलते आहे ते दहा-वीस खाटांच्या रुग्णालयांबद्दल आणि प्रसूतिगृहांबद्दल, जी आपल्या प्रत्येक नाक्यावर आहेत. तिथे पांढरा किंवा निळा ड्रेस घातलेली जी ‘सिस्टर’ दिसते ती पुष्कळदा जीएनएमही नसते आणि एएनएमही नसते. दहावी-बारावी झालेली, बघून बघून सलाईन लावायला शिकलेली गरीब घरची मुलगी असते. तिला मी दोष देत नाही. घर चालवायला आली आहे ती. दोष तिला ठेवणाऱ्याचा आहे.

पोटॅशियमचं इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं. एका अँपूलमध्ये किती मिलिग्रॅम आणि बाळाच्या वजनाला किती, हे गणित चुकलं तर बाळ दगावतं. रक्त चढवताना पहिल्या पंधरा मिनिटांत पेशंटला थंडी वाजली, पाठ दुखली तर आधी रक्त बंद करायचं आणि मग डॉक्टरला हाक मारायची. हे परीक्षा देऊन शिकलेल्या मुलीला माहीत असतं. बघून शिकलेल्या मुलीला ते कधी कुणी सांगितलेलंच नसतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले असतात आणि रात्रीचा वॉर्ड तिच्या भरवशावर असतो.

कायदा याबाबत गप्प नाही. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा 1949 चा आहे. शुश्रूषागृहात काम करणाऱ्यांमध्ये अर्हताप्राप्त परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, प्रसूतिगृहाकडे अर्हताप्राप्त प्रसविका नसेल तरी नाकारता येते, असं त्यात लिहिलं आहे. 2021 मध्ये नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पण तपासणीला येणारे अधिकारी अग्निशमनाचं प्रमाणपत्र बघतात, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार बघतात, आणि वॉर्डातल्या मुलीचा नोंदणी क्रमांक मात्र क्वचितच विचारतात. तो क्रमांक विचारायला सुरुवात झाली तर ‘एएनएमला नोकरी नाही’ हे वाक्य वर्षभरात बंद पडेल. एएनएमची जागा जीएनएमनं घेतलेली नाही. ती नोंदणी नसलेल्या स्वस्त मजुरीनं घेतली आहे. सल्ला देणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते.

यावर छोट्या रुग्णालयांचे मालक म्हणतात की नोंदणी असलेली नर्स परवडत नाही. त्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. भाडं, कर्ज, विमा कंपन्यांची थकलेली बिलं, सगळं आहे. पण डिस्चार्जच्या वेळी रुग्णाच्या हातात जे बिल पडतं त्यात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी वेगळी ओळ असते. दर दिवसाचे पैसे लावलेले असतात. नर्सच नसेल तर ते पैसे कशाचे? ज्या कष्टकऱ्यानं कर्ज काढून ते भरले, त्याला नोंदणीकृत परिचारिकेची सेवा मिळणं हा त्याचा हक्क आहे. जे परवडत नाही त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा साधा व्यवहार आहे.

या प्रश्नाला दुसऱ्या देशाचाही दाखला आहे. अमेरिकेत आपल्या एएनएमशी साधारण मिळतीजुळती पायरी असलेल्या परवानाधारक परिचारिका आहेत. तिथेही त्यांचा सर्वांत मोठा गट वृद्धांच्या निवासी संस्थांमध्ये काम करतो आणि तिथल्या मुलींनाही हेच सांगितलं जातं. तरीही निम्म्याहून जास्त जणी त्या संस्थांच्या बाहेर, म्हणजे रुग्णालयांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत, घरभेटींच्या सेवेत आणि सरकारी खात्यांत आहेत. तिथे म्हाताऱ्यांची संख्या आपल्याहून किती जास्त आहे याचा विचार केला तर आपल्याकडे, जिथे अजून माता आणि बाळं हाच आरोग्यसेवेचा मोठा भाग आहे, एएनएमला वृद्धाश्रमात ढकलण्याचं कारणच उरत नाही.

‘पण पुढचा काळ वृद्धसेवेचाच आहे,’ असं शेवटी म्हणतात. मान्य, म्हातारी माणसं वाढणार आहेत. त्यांची सेवा कोण आणि कुठल्या नात्यानं करणार हा प्रश्न आहे. शिळफाट्यावरून पनवेलकडे जाणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी नर्सिंग ब्युरोमार्फत लोकांच्या घरी कामाला जातात. बारा किंवा चोवीस तासांची ड्युटी, ब्युरोचं कमिशन, सुट्टी घेतली तर पैसे नाहीत, आणि घरच्या मंडळींना ती भांडीही घासून देईल असं वाटतं. नेमणूक केअरटेकर म्हणून असते, त्यामुळे तिचं इंजेक्शन देण्याचं, बाळंतपण करण्याचं शिक्षण तिथे वापरलं जात नाही. काही वर्षांनी तिला रुग्णालयात अर्ज करायचा झाला तर दाखवायला अनुभवाचं प्रमाणपत्रही हातात नसतं. हातातलं कसब गेलेलं असतं ते वेगळंच. वृद्धांच्या निवासांना एएनएम हवी असेल तर त्यांनी तिला परिचारिका म्हणून नेमावं, परिचारिकेचा पगार द्यावा, औषधांची नोंदवही तिच्या ताब्यात द्यावी. आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत वृद्धांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहेच. अंथरुणावरच्या रुग्णाची घरभेट, मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी हे उपकेंद्राच्या कामात बसवलेलं आहे. म्हणजे म्हाताऱ्यांची काळजी घ्यायची तरी ती आरोग्य सेविकेच्या दर्जानं घेता येते. ब्युरोची पायरी चढायची गरज नाही.

जीएनएम करावं की एएनएम, हा प्रश्न प्रत्येक घराचा वेगळा आहे. तीन वर्षांची फी आणि वसतिगृह झेपत असेल, मुलीची तयारी असेल, तर जीएनएम जरूर करावं. पण ठाकूरवाडीतली पहिली बारावी झालेली मुलगी दोन वर्षांत नोंदणी मिळवून कमवायला लागली तर ते कमी नाही. आणि दार तिथे बंद होत नाही. नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश मिळतो. जिल्हा परिषदेत आरोग्य सहाय्यिकेच्या पदावर बढती आहे. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात, ते पद एएनएमला आज थेट मिळत नाही हे खरं. गावाची नस जाणणाऱ्या अनुभवी सेविकेला त्या पदापर्यंत जायचा रस्ता मिळाला पाहिजे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

एका बाबतीत मात्र सल्ला देणाऱ्यांच्या बाजूनं उभी राहते. काही एएनएम शाळा फी घेतात आणि मुलींना वॉर्डात उभंच करत नाहीत. बाळंतपण न बघता प्रमाणपत्र घेतलेली मुलगी मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला गप्प बसते आणि सगळ्या एएनएमचं नाव खराब होतं. अशा शाळा बंद व्हायलाच हव्यात.

म्हणून आई-वडिलांना विनंती आहे. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी शाळेला मंडळाची आणि परिषदेची मान्यता आहे का ते कागदावर बघा. मुली कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात ते विचारा, जमलं तर स्वतः जाऊन बघा. ‘सहा महिन्यांत नर्स’ म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. रुग्णालयात आपलं माणूस दाखल असेल तर सिस्टरचा नोंदणी क्रमांक नम्रपणे पण जरूर विचारा. आणि शाळेतल्या सरांना आणि मेळाव्यांत बोलणाऱ्यांना विनंती, की पुढच्या वेळी मुलींसमोर उभं राहण्याआधी कर्जत-खालापूरच्या उपकेंद्रांत, नगरपालिकेच्या दवाखान्यांत आणि आश्रमशाळांत एएनएमची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. ते उत्तर घेऊन ग्रामसभेत उभे राहा आणि रिकामी पदं भरण्याचा ठराव करून जिल्हा परिषदेला पाठवा.